दोन कार्बोरेटर आणि मराठवाड्याची हवा

लातूर-नांदेडकडच्या ज्या शेतकऱ्याने ठिबकमधून खत सोडलंय, त्याला कार्बोरेटर निम्मा आधीच कळलेला असतो. व्हेंच्युरीत पाण्याची वाट मध्येच अरुंद होते, तिथे पाणी वेगाने धावतं, दाब कमी होतो आणि बादलीतलं विरघळलेलं खत बारीक नळीतून आपोआप ओढलं जातं. पाण्याच्या जागी हवा धरा आणि खताच्या जागी पेट्रोल. इंजिन हवा ओढतं, हवा पेट्रोल ओढते.

माझ्या काकांची राजदूत ३५० लातूरच्या वाड्यात कैक वर्षं उभी होती. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने १९८३ साली आणलेली ही गाडी टू-स्ट्रोक, ३४७ सीसीची. सिलिंडर दोन, म्हणून कार्बोरेटरही दोन. टेम्पोत घालून ती नांदेडला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी दोन्ही कार्बोरेटर उतरवले आणि स्टीलच्या दोन ताटांत वेगवेगळे उघडले. एकाची स्लाइड, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त करणारा सरकता भाग, दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. इतकी वर्षं एकत्र घासलेले भाग एकमेकांना ओळखतात, असं त्यांचं म्हणणं.

फ्लोट चेंबरच्या तळाशी वार्निशसारखा पिवळट थर होता. पेट्रोलमधला हलका भाग उडून गेला की जड भाग असा चिकटून बसतो. कडेला पांढरी भुकटी साचली होती, म्हणजे आत पाणी शिरून धातू खाल्ला गेला होता. फ्लोटचं काम घराच्या टाकीतल्या फ्लोटसारखंच, पातळी आली की वाट बंद. त्याची सुई झिजली होती, ती बदलली. ओ-रिंग आणि गॅस्केट नवे घातले. एवढं सरळ होतं.

खरी गोष्ट जेटची, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तुकड्याची. पायलट जेटचं छिद्र पार बुजलेलं. मी तारेचा तुकडा शोधायला लागलो तर मिस्त्रींनी हात धरला. “तार घालू नका. छिद्र मोठं झालं की गाडी हातची गेली.” मी घरी आल्यावर हिशेब केला. छिद्र ०.२५ मिलिमीटरचं असेल आणि घासून ०.३० झालं, तर वाढ केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे वाट ४४ टक्के मोठी झाली. मिस्त्रींनी हा वर्ग कधी मांडला नसेल, पण त्याचे परिणाम ते रोज दुरुस्त करतात. जेट क्लीनरमध्ये भिजत ठेवले, मग कॉम्प्रेसरची हवा मारली आणि उजेडाकडे धरून पाहिले. सुईच्या टोकाएवढा, पण गोल, स्वच्छ प्रकाश.

आता कुठल्या नंबरचे जेट बसवायचे? बहुतेक जण जुनी पुस्तिका उघडतात आणि तिथला नंबर घालतात. मला हे पटत नाही. पुस्तिका छापली तेव्हाचं पेट्रोल आज पंपावर मिळत नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला नऊच किलो पुरते. देशात २०२५ साली २० टक्के इथेनॉलचं मिश्रण आलं. अशा पेट्रोलला सुमारे साडेतेरा किलो हवा पुरते. म्हणजे त्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यायला हवं. नव्या इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर हे ओळखतो. कार्बोरेटरला काही कळत नाही, तो जुन्याच मापाने ओततो आणि मिश्रण विरळ होतं. विरळ मिश्रणावर टू-स्ट्रोक जास्त तापतं, पिस्टन जाम होऊ शकतो. यातलं काही इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून येतं आणि लातूर जिल्हा उसाचा. त्याचे पैसे आमच्याच गावांत येतात, म्हणून मला ते नकोसं नाही. पण ते पाणी शोषून घेतं आणि जुनं रबर फुगवतं, तेव्हा जुन्या गाडीचं ओ-रिंगपासून जेटपर्यंत सगळं नव्याने जुळवायला हवं.

इथे आमचं हवामान मध्ये येतं. डिसेंबरच्या पहाटे १२ अंश आणि मेच्या दुपारी ४२ अंश, एवढ्या फरकाने हवा जवळपास दहा टक्के विरळ होते. कार्बोरेटरमधून मात्र पेट्रोल पाचच टक्के कमी येतं, कारण ते दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाहतं. म्हणून उन्हाळ्यात मिश्रण आपोआप पाच टक्के दाट होतं. इथेनॉलने केलेली विरळता मेमध्ये बरीचशी झाकली जाते आणि डिसेंबरात उघडी पडते. उन्हाळ्यात ट्यून केलेली गाडी थंडीत का बिघडते, याचं उत्तर मला इथे सापडलं. नांदेड साधारण साडेतीनशे मीटरवर, लातूर बालाघाटाच्या पठारावर पाचशेच्याही वर. पण या चढाने हवा दोनेक टक्केच विरळ होते, ऊन त्याच्या कितीतरी पट.

मिस्त्रींनी मेन जेट एक नंबर मोठा घातला. दोन्ही स्लाइड सारख्या उचलल्या जाव्यात म्हणून त्यांनी एकाच मापाची दोन ड्रिल बिटं घेतली, दोन्ही स्लाइडखाली सरकवली आणि दोन्ही सारखीच घट्ट बसेपर्यंत केबल फिरवली. मग किक मारली. स्लो लावल्यावर दोन सायलेन्सरच्या तोंडाशी दोन तळवे धरले, डोळे मिटले आणि म्हणाले, “डावं मागं राहायलंय.” अर्धा आटा फिरवला. पुन्हा तळवे. आता दोन्हीकडून सारखे फटके.

परतीच्या वाटेवर लोह्यावरून अहमदपूरला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. गाडी थांबवून दोन्ही प्लग काढले. उजवा कॉफीच्या रंगाचा, हवा तसा. डावा पांढरट. त्या बाजूची रबरी मॅनिफोल्डची पट्टी किंचित सैल होती, तिथून फुकटची हवा आत जात होती. पट्टी आवळली, स्लाइडमधल्या निडलची क्लिप एक खाच खाली घेतली आणि लातूरचा रस्ता धरला.