दर पेंढीचा कीं चाऱ्याचा?

पातूर हा डोंगराच्या पायथ्याचा गांव. डोंगरावरील गवत आणि खालच्या काळ्या शेतांतील कडबा या दोन्ही जिनसांवर येथील गोठे जगतात. परंतु सोयाबीननें वऱ्हाडांत ज्वारीची जागा घेतल्यापासून कडबा दुर्मिळ झाला आहे; आणि जो माल दुर्मिळ, त्याचें माप चोख असावें, हें आमच्या व्यापारी वाचकांस निराळें सांगावयास नको.

कडब्याचा दर बहुधा शेंकडा पेंढ्यांवर ठरतो. पण पेंढी म्हणजे किती? समजा, एकाची पेंढी 1 किलोची व दुसऱ्याची दीड किलोची आहे. दर एकच असल्यास तेवढ्याच पैशांत एका गिऱ्हाइकास 100 किलो चारा मिळतो, दुसऱ्यास 150. यास व्यवहार म्हणावें कीं जुगार?

मात्र केवळ वजन पुरेसें नाहीं. चाऱ्याचें सत्त्व मुख्यतः पानांत असतें. पान गळून नुसता धांडा उरला, तर जनावराचें पोट भरतें, पोषण होत नाहीं. म्हणून हिरवट रंगाचा, सुवासिक व भरपूर पानाचा चारा उत्तम. पिवळा पडलेला, परंतु कोरडा व स्वच्छ तो मध्यम. पावसांत भिजून काळवंडलेला तो कनिष्ठ. बुरशी आलेला चारा फुकटही घेऊं नये. गवताचा न्यायही हाच. फुलोऱ्यावर कापलेलें गवत पौष्टिक असतें. उशिरां कापलेल्या कुसळीचीं कुसळें जनावराच्या तोंडास इजा करतात.

कोणी म्हणतील कीं, वजनानें विक्री सुरू होतांच लोक चाऱ्यावर पाणी शिंपडतील. शंका रास्त आहे. म्हणूनच ओलावा शेंकडा सुमारें 15 हून अधिक नसावा, असा दंडक वजनाबरोबरच हवा. ओला चारा गंजींत तापतो व बुरसतो. त्यांत साठा करणाऱ्या व्यापाऱ्याचेंही नुकसान आहे.

कापसाच्या सौद्यांस शिस्त लावण्यासाठीं याच वऱ्हाडांत 1886 सालीं कारंजा येथें नियंत्रित बाजार निघाला व 1897 सालीं कापूस आणि धान्य यांच्या बाजारांसाठीं कायदा झाला. ज्या बैलांनीं तो कापूस बाजारांत ओढून आणला, त्यांच्या चाऱ्यास मात्र आजही नजरेचाच अंदाज पुरे व्हावा काय? पातूरच्या व्यापाऱ्यांनीं कडब्याच्या ढिगाजवळ एक काटा मांडावा व प्रतीप्रमाणें तीन दर फळ्यावर लिहावे. एवढ्या कामास नव्या कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.