प्रत तर आहे, पण ती उघडेल का?

आजच्या व्याख्यानासाठी आम्ही सिरोंचाचं उदाहरण घेतलंय. गडचिरोली जिल्ह्याचं हे दक्षिण टोक, प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमावरचं. जुलै २०२२ च्या पुरात तालुक्यातल्या कितीतरी गावांत पाणी शिरलं होतं. तेव्हा समजा, इथल्या जमिनीच्या नोंदी एका सर्व्हरवर आहेत आणि तो बुडाला तरी नोंदी राहाव्यात म्हणून त्याच्या डिस्कची जिवंत प्रत गडचिरोलीला ठेवायची आहे. (ही कल्पना बरं का, प्रत्यक्षातली व्यवस्था नव्हे.)

प्रत ठेवणं जमतं. पंचाईत होते ती प्रत उघडायची वेळ आल्यावर.

जमीन विकली की तलाठी आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घालतात. मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात आणि मगच सातबाऱ्यावर नाव बदलतं. आता या दोन्हींची पानं वेगवेगळ्या माणसांच्या हाती गडचिरोलीला पाठवली. सातबारा पोहोचला, फेरफाराचं पान वाटेत अडकलं. तिथे काय दिसणार? मालक बदललाय, कशामुळे ते कुठेच नाही. उलट, फेरफार पोहोचला आणि सातबारा मागे राहिला तर फारसं बिघडत नाही, नोंद पाहून नाव चढवता येतं.

डेटाबेस नेमकं हेच करतो. काय बदलायचंय ते आधी लॉगमध्ये लिहितो, मग मूळ तक्त्यात. मधेच लाइट गेली तर परत चालू होताना लॉग वाचून सावरतो. पण डिस्कची प्रत करणाऱ्या यंत्रणेला फेरफार कळत नाही आणि सातबाराही कळत नाही. तिला दिसतात फक्त ठोकळे, ब्लॉक. म्हणून तिच्याकडून एकच गोष्ट मागायची: इथे ज्या क्रमानं लिहिलं, त्याच क्रमानं तिथे लिही. क्रम पाळला तर गडचिरोलीची प्रत ‘आत्ताच लाइट गेली’ अशा अवस्थेत असते, आणि त्यातून डेटाबेस सावरू शकतो. लॉग एका व्हॉल्यूमवर आणि तक्ते दुसऱ्यावर असतील, तर दोन्ही एकाच गटात बांधून क्रम सामाईक ठेवावा लागतो. ही बांधणी अनेक जण विसरतात.

आता वाट किती पाहायची? लिनक्सच्या गाभ्यात २०१० पासून असलेल्या डीआरबीडीमध्ये याचे तीन प्रकार आहेत. ‘ए’मध्ये आपल्या डिस्कवर लिहून झालं आणि मजकूर पाठवण्याच्या रांगेत लागला की काम झालं म्हणायचं. ‘बी’मध्ये तो पलीकडच्या मेमरीत पोहोचावा लागतो, ‘सी’मध्ये पलीकडच्या डिस्कवर. सिरोंचा ते गडचिरोली सरळ रेषेत साधारण १५० किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. तार सरळ जात नाही, त्यामुळे खरा वेळ जास्तच. ‘सी’ घेतला तर प्रत्येक लिखाणावर एवढा कर बसणार. ‘ए’ घेतला तर शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात, पण क्रम टिकतो. जमिनीच्या नोंदीसाठी आम्ही ‘सी’च घेऊ.

आणि तार तुटली तर? इथे आधीच ठरवावं लागतं: एकट्यानं चालू राहायचं की थांबायचं. मुंबईत २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार ११.४० ला थांबले, ते ३.४५ ला सुरू झाले. बाजारानं नंतर दिलेल्या खुलाशानुसार, मुख्य केंद्र आणि जवळचं पर्यायी केंद्र यांच्यामधल्या जोडण्या गेल्या आणि मुख्य केंद्रातलं स्टोरेजच सर्व्हरना मिळेनासं झालं. प्रतीच्या वाटेवरचा बिघाड मुळावर आला.

एकट्यानं चालू ठेवलं, तर दुसरा धोका. तार तुटल्यावर गडचिरोलीला वाटलं सिरोंचा बुडालं, म्हणून त्यांनी आपली प्रत चालू केली. इकडे सिरोंचा शाबूत आहे आणि नोंदीही चालू आहेत. तार जुळल्यावर खरं कुणाचं? कुणाचं तरी दिवसभराचं काम फेकावं लागतं. यावर उपाय तिसऱ्या मताचा: समजा, अहेरीला एक छोटं यंत्र ठेवलं. ज्याच्याकडे तिघांपैकी दोन मतं त्यानंच लिहायचं, उरलेल्यानं गप्प बसायचं.

तार जुळल्यानंतरची वेळ तर सगळ्यात नाजूक. मागे पडलेली प्रत भरून काढताना ठोकळे डिस्कवरच्या जागेनुसार जातात, लिहिलेल्या क्रमानं नाही. म्हणजे भरणं संपेपर्यंत गडचिरोलीची प्रत धड जुनीही नाही आणि धड नवीही नाही. त्याच वेळी पाणी सिरोंच्यात शिरलं तर हाती काहीच उरत नाही. म्हणून भरणं सुरू होण्याआधी तिथल्या जुन्या प्रतीचा स्नॅपशॉट घ्यायचा. कालची का असेना, पण जुळती प्रत असते. भरणं पूर्ण झालं की तो काढून टाकायचा.

श्रोत्यांतून एक प्रश्न आलाय, एवढं केल्यावर रोजचा बॅकअप बंद करायचा का? नाही. इथे चुकून एखादी फाइल पुसली, तर ‘सी’ प्रकारात ती गडचिरोलीलाही त्याच क्षणी पुसली जाते, अगदी योग्य क्रमानं.