घरची तिखट तळलेली कोंबडी

दक्षिण दिल्लीतील आर. के. पुरम ही मुख्यतः केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसविण्यात आलेली वसाहत होय. निरनिराळ्या प्रांतांतून बदलून आलेली कुटुंबे येथे शेजारी-शेजारी राहतात. दिल्ली तमिळ संघाची वास्तूही येथेच आहे. अशा वसाहतीत तळलेल्या कोंबडीची एकच पाककृती संभवत नाही. कोणी बेसन व ओवा वापरतो, कोणी कढीपत्ता व तांदळाची पिठी, तर मराठी घरात मालवणी किंवा कांदा-लसूण मसाला असतो. मसाले बदलले तरी कढईत घडणारी क्रिया मात्र सर्वत्र सारखीच असते. ती ध्यानात न घेतल्यास बाहेरून करपलेली आणि हाडापाशी कच्ची कोंबडी ताटात येते. हा केवळ चवीचा दोष नव्हे. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे रोगजंतू असू शकतात आणि ते घरातील लहान मुलांना व वृद्धांना विशेष अपायकारक ठरतात.

गावठी कोंबडीचे मांस चिवट असल्याने ती रश्श्यात मंद आचेवर शिजविण्याची रीत पडली. तळण्यासाठी कोवळे मांस लागते. पुण्यात १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली. पुढे ब्रॉयलर कोंबडीचा व्यवसाय वाढला आणि सुमारे सहा आठवड्यांत वाढणारा कोवळा पक्षी शहरांत सहज मिळू लागला. तळलेली कोंबडी घरोघरी पोहोचली, त्यामागे हेही एक कारण आहे.

एक किलो कोंबडीचे दहा-बारा तुकडे करावेत आणि तंगडीला हाडापर्यंत दोन-तीन चिरा द्याव्यात. पंधरा ग्रॅम मीठ, वाटीभर दही, आले-लसणाचे वाटण, हळद व तिखट लावून तुकडे चार ते आठ तास मुरू द्यावेत. मिठामुळे मांसातील काही प्रथिने विरघळतात व तळताना त्यातील पाणी धरून ठेवतात. दह्यातील आम्लाने मांस मऊ होते. दिल्लीत मे-जून महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. अशा हवेत जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून मुरवण शीतकपाटातच ठेवावे.

तिखट मुरवणात घालावे, वरच्या पिठात घालू नये. तापलेल्या तेलात ते चटकन करपून कडू होते. रंगासाठी ब्याडगी किंवा काश्मिरी मिरची, झणझणीतपणासाठी लवंगी मिरची घ्यावी. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. त्यामुळे तोंड भाजल्यास पाण्यापेक्षा दही अधिक उपयोगी पडते. वरच्या लेपासाठी मैद्यात निम्मे कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाची पिठी मिसळावी. या दोहोंत ग्लूटेन नसल्याने कवच चिवट न होता कुरकुरीत होते.

तेल सुमारे १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे. तापमापक नसल्यास कोरड्या लाकडी चमच्याचे टोक तेलात बुडवावे. त्याभोवती संथपणे बुडबुडे आले म्हणजे तेल तयार झाले. एका वेळी चार-पाच तुकडेच सोडावेत. तुकड्यांतील पाण्याची वाफ होऊन बाहेर पडत असते, तोवर तेल आत फारसे शिरत नाही. कढई भरून टाकल्यास तेल थंड पडते, वाफेचा जोर ओसरतो आणि कवच तेलकट होते. दहा-बारा मिनिटांनी तुकडे काढून जाळीवर निथळू द्यावेत. त्यानंतर तेल १८० अंशांवर नेऊन ते पुन्हा दोन मिनिटे तळावेत. पहिल्या तळणीत उष्णता हाडापर्यंत पोहोचते, दुसरीत कवच कोरडे व तांबूस होते. या तांबूसपणामागील रासायनिक क्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ साली वर्णिली.

हाडालगतच्या मांसाचे तापमान ७४ अंश झाले म्हणजे हे जंतू मरतात. केवळ रंगावर विसंबू नये. तापमापक नसेल तर सर्वांत जाड तुकडा कापून हाडापाशी मांस कच्चे नाही ना, हे पाहावे. कच्ची कोंबडी नळाखाली धुतल्याने जंतू आसपास उडतात, म्हणून तेही टाळावे. वापरलेले तेल गाळून एखाद्या वेळी फोडणीस वापरता येते. परंतु ते काळपट, दाट किंवा फेसाळ झाल्यास टाकून द्यावे. अशा तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक नसावे, असा नियम भारतात २०१८ पासून लागू आहे. घरात हे प्रमाण मोजण्याचे साधन नसते. तेथे डोळा आणि नाक यांवरच भिस्त ठेवावी लागते.