काचेच्या टाकीने समुद्राला काय दिलं?

नव्वदच्या दशकात घरी प्रवाळांची टाकी बाळगणारा, मग नोकरी-संसारात तो छंद सुटलेला एखादा माणूस आज पुन्हा त्याकडे वळला, तर त्याला काय काय नवं दिसेल? दिवे बदललेत, पंप छोटे आणि मुके झालेत, पाण्यातल्या क्षारांचं मोजमाप करणारी यंत्रं आलीत. पण खरं नवल वेगळंच आहे. तो दूर होता त्या काळात या काचेच्या टाक्यांनी समुद्राची अशी गुपितं उघड केली, जी खुद्द समुद्रात बुडी मारणाऱ्यांनाही उलगडली नव्हती!

मुळात प्रवाळ टाकीत जगतात तरी कसे? फार वर्षं ते जगतच नव्हते. १९६१ साली इंडोनेशियातल्या ली चिन इंग यांनी आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली आणि अनेक जण चकित झाले. मोठे फिल्टर नाहीत, औषधं नाहीत. समुद्राचं पाणी, भरपूर उजेड, हवेचे बुडबुडे आणि प्रवाळखडकाचे ताजे तुकडे, एवढ्यावर त्यांची टाकी तगत होती. दगडांनी असं काय केलं?

दगडांनी काहीच केलं नाही. केलं ते दगडाच्या भोकाभोकांत राहणाऱ्यांनी. माशांच्या अंगातून सतत अमोनिया बाहेर पडतो. समुद्र अथांग, तिथे तो विरून जातो. शंभर लिटरच्या टाकीत मात्र तोच अमोनिया माशांचा जीव घेतो. अशा वेळी काही जिवाणू हा अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि विषाची धार जाते. नवी टाकी भरल्यावर मासे सोडण्याआधी काही आठवडे थांबायचं ते यासाठी. ही अदृश्य वस्ती नांदती व्हायला तेवढा वेळ लागतोच. तीस वर्षांत सगळं बदललं, पण हे थांबणं फारसं बदललेलं नाही.

आता गंमत पाहा. शंभराहून जास्त वर्षं शास्त्रज्ञांची समजूत होती की अमोनियाचं हे काम फक्त जिवाणूच करतात. दुसरीकडे, आर्किया नावाचे सूक्ष्मजीव समुद्रात सगळीकडे आहेत हे त्यांच्या जनुकांच्या खुणांवरून १९९२ मध्ये कळलं होतं. आर्किया दिसायला जिवाणूंसारखे, पण सजीवांच्या एका वेगळ्याच शाखेचे. समुद्रात एवढ्या संख्येने असलेले हे जीव जगतात कशावर? कुणाला सांगता येत नव्हतं, कारण त्यातला एकही प्रयोगशाळेत वाढवता आला नव्हता. उत्तर २००५ साली मिळालं. कुठे? सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातल्या खाऱ्या पाण्याच्या एका टाकीच्या खडीत! तिथे सापडलेल्या ‘नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस’ या आर्कियाचा पोटापाण्याचा उद्योग अमोनिया खाण्याचाच निघाला. नत्राच्या चक्राचं पुस्तक त्यामुळे नव्याने लिहावं लागलं. महासागरभर पसरलेल्या एका कुळाचं कोडं माशांच्या टाकीच्या तळाशी सुटलं!

दगडाकडून आता प्रवाळाकडे येऊ. प्रवाळ झाडासारखं दिसतं, पण तो प्राणी आहे. इवले इवले पॉलिप एकमेकांना चिकटून वसाहत करतात. त्यांच्या पेशींच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं, एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या घरात! जागा पॉलिपची आणि स्वयंपाक शैवालाचा, असा हा एकत्र संसार आहे. शैवाल उन्हात साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. काही प्रवाळांच्या ऊर्जेच्या गरजेपैकी नव्वद टक्क्यांपर्यंतची ऊर्जा अशी घरबसल्या मिळते. म्हणूनच प्रवाळाच्या टाकीत दिवा हा शोभेचा नसतो. तेच अन्न.

पाणी उन्हातला लाल रंग वरच्या काही मीटरमध्येच शोषून घेतं, निळा मात्र खोलवर जातो. प्रवाळातलं शैवाल त्या निळ्यावर जगायला सरावलेलं असतं. जुन्या काळी हा उजेड मिळवायला अडीचशे-चारशे वॅटचे मेटल हॅलाइड दिवे टांगायचे. ते टाकीचं पाणी तापवायचे, मग पाणी गार करायला आणखी एक यंत्र! १९९३ मध्ये शुजी नाकामुरा यांचा प्रखर निळा एलईडी आला. इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांच्यासह त्यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज आपला पांढरा एलईडी बल्ब त्याच शोधावर चालतो, आणि प्रवाळाला हवी तेवढी निळाई चिमूटभर चिपमधून मिळते.

निळ्या दिव्याखाली एक जादू दिसते. खोलीतला पांढरा उजेड मालवा, फक्त निळा ठेवा. प्रवाळ हिरवे, केशरी, लाल असे झळाळू लागतात. निळा प्रकाश शोषून दुसऱ्याच रंगाचा प्रकाश बाहेर टाकणारी प्रथिनं त्यांच्या अंगात असतात. अशा हिरव्या प्रथिनाचा शोध आधी एका जेलीफिशमध्ये लागला होता. लाल काही सापडत नव्हतं. रशियन शास्त्रज्ञांनी मॉस्कोत टाकीत वाढवलेले प्रवाळ तपासले आणि १९९९ मध्ये लाल प्रथिन हाती लागलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत जिवंत पेशींमध्ये काय चाललंय ते पाहायला या घराण्यातली लाल प्रथिनं वापरतात. म्हणजे कर्करोगाची पेशी कशी पसरते हे दाखवणारा लाल ठिपका मॉस्कोतल्या टाकीपर्यंत नातं सांगतो!

आणि प्रवाळ वाढतं कसं? पाण्यात विरघळलेला चुना वेचून. समुद्राच्या एका लिटरमध्ये जेमतेम चारशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्यातून हा मऊ जीव स्वतःखाली दगड रचत जातो. त्याची फांदी तोडून दुसऱ्या दगडावर चिकटवली, तर तीही नवी वसाहत होते. बर्लिनमधल्या छांदिष्टांनी ऐंशीच्या दशकात हे तंत्र रुळवलं. तिथे वाढलेल्या अ‍ॅक्रोपोरा नावाच्या एका प्रवाळाच्या फांद्या हातोहात युरोपभर गेल्या. पूर्वी टाकीतलं जवळजवळ प्रत्येक प्रवाळ समुद्रातून तोडून आणलेलं असे. आज परतणाऱ्या माणसाला टाकीतच वाढलेल्या प्रवाळाची निवड करता येते. माशांचंही तसंच. पिवळाधमक यलो टँग हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये पहिल्यांदा अंड्यापासून वाढवून दाखवला.

पण फांदी तोडून मिळते ती हुबेहूब नक्कल. नवी, वेगळी संतती हवी तर प्रवाळांचं मीलन व्हायला हवं. ते कसं होतं ठाऊक आहे? ग्रेट बॅरियर रीफवर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्री शेकडो मैलांवरचे असंख्य प्रवाळ जवळपास एकाच वेळी बीजांड आणि शुक्राणूंच्या गुलाबी गोळ्या पाण्यात सोडतात. मेंदू नाही, घड्याळ नाही, तरी रात्र चुकत नाही! हे सामूहिक मीलन शास्त्रज्ञांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टिपलं. इतकं मोठं दृश्य, आणि तोवर विज्ञानाच्या नजरेतून निसटलेलं!

हे टाकीत घडेल का? लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये जेमी क्रॅग्ज यांनी तो ध्यास घेतला. त्यांनी टाकीवर आख्खं आकाश उभं केलं: ऋतूप्रमाणे चढउतार होणारं तापमान, लहानमोठा होणारा दिवस, कलेकलेने वाढणारा कृत्रिम चंद्र. आणि ढगाळ लंडनमध्ये, समुद्रापासून दूर, त्या प्रवाळांनी आपली रात्र ओळखली! तेच तंत्र फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियमने उचललं. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या प्रयोगशाळेत स्तंभप्रवाळ व्याले. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून जवळपास नाहीशा झालेल्या जातीची पिल्लं काचेच्या टाकीत जन्मली.

याचं मोल किती, हे समुद्राकडे पाहिलं की कळतं. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा फक्त एक अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की पॉलिप आपल्या शैवालाला बाहेर काढतो. रंग जातो, अन्नही जातं, आणि प्रवाळ पांढरं पडून उपाशी राहतं. जगभरातल्या प्रवाळांवर असं संकट चौथ्यांदा ओढवल्याची घोषणा एप्रिल २०२४ मध्ये झाली.

म्हणून या छंदाकडे परतणाऱ्याला पहिली विनंती: टाकीत येणारं प्रत्येक प्रवाळ, प्रत्येक मासा कुठे जन्मला हे विचारा, आणि समुद्रातून ओरबाडलेला असेल तर घेऊ नका. आपल्या देशात तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या बरोबरीने दगडी प्रवाळही आहेत. आपल्या समुद्रातून ते तोडणं, विकणं, घरी आणणं हा गुन्हा आहे. दुसरी विनंती सगळ्यांनाच: मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्गाच्या पाण्याखाली आपले स्वतःचे प्रवाळ आहेत. ते पाहायला जरूर जा. त्यांच्यावर पाय देऊ नका, नांगर टाकू देऊ नका, आठवण म्हणून तुकडा उचलू नका. पाय ठेवाल तो दगड नाही, तो जिवंत प्राणी आहे.