दुपारची उष्णता, पहाटेचं पाणी

सोलर हीटरच्या टाकीत उष्णता नेमकी किती मावणार, हे मी पॉलिटेक्निकच्या मुलांना आधी कागदावर काढायला लावते. 200 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर नेलं, की त्यात सुमारे 8 युनिट ऊर्जा साठते. घरगुती वापराला पाण्याइतकं स्वस्त साठवण-माध्यम दुसरं नाही, हे माझं ठाम मत.

आकार मात्र विचारपूर्वक ठरवावा. गरम पाणी हलकं, ते वर राहतं; गार खाली. हे थर टिकले, तरच वरच्या नळाला शेवटपर्यंत कडकडीत पाणी मिळतं. म्हणून टाकी उभी हवी. आमची 50 सेंटिमीटर व्यासाची, 1 मीटर उंच. खालून शिरणारी गार पाण्याची धार सरळ वर उसळली तर सगळं ढवळून कोमट होतं. तिथे भोकं पाडलेली आडवी नळी बसवली, की पाणी संथपणे पसरतं.

चाचणीसाठी उंचीनुसार ओळीनं थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारे सेन्सर, लावतो आणि तापलेली टाकी रात्रभर तशीच ठेवतो. सगळीकडून 5 सेंटिमीटर पफचं (पॉलियुरेथेन फोमचं) आवरण असेल, तर हिशेबानं 12 तासांत जेमतेम 2 अंश उतरायला हवेत. प्रत्यक्षात जास्त उतरतात, कारण उघडे पाइप, लोखंडी पाय आणि झाकणाची फट उष्णता बाहेर नेतात. नंतर खालून गार पाणी सोडून वरून खरोखर गरम असं किती लिटर निघतं, ते मोजतो. टाकीची खरी किंमत तिथेच कळते.

तुमच्या घरी सोलर हीटर असेल, तर टाकीपासून नळापर्यंतचा उघडा पाइप आधी झाकून घ्या.