मातीतल्या जिवाणूपासून तणनाशक : ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

“हे नैसर्गिक आहे, याने काही होत नाही,” असे सांगून आज बरेच काही विकले जाते. शेतीची औषधेही त्यात आली. आपल्या समाजातील मोठा वर्ग आजही दुसऱ्याच्या शेतात निंदणी आणि फवारणी करतो. म्हणून तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी हा शब्द तपासून घ्यायला हवा. ग्लुफोसिनेट या तणनाशकाचे उदाहरण त्यासाठी समजून घेऊ.

शोध कसा लागला?

पहिल्या पावसानंतर मातीला येणारा वास मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस गटातील जिवाणूंमुळे असतो. क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली याच गटातून मिळाले. मातीत अन्न-पाण्यासाठी चढाओढ असते. शेजारच्या सूक्ष्मजीवांना रोखण्यासाठी हे जिवाणू वेगवेगळी रसायने तयार करतात.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठात आणि जपानच्या मेइजी सेइका कंपनीत, एकमेकांशी संबंध नसताना, असाच एक पदार्थ सापडला. त्याला बिआलाफॉस म्हणतात. तो वनस्पतींनाही मारतो, हे पुढे लक्षात आले. जपानमध्ये जिवाणू आंबवून काढलेले बिआलाफॉस तणनाशक म्हणून विकले गेले. जर्मनीच्या होएक्स्ट कंपनीने त्यातला मुख्य विषारी भाग कारखान्यात तयार केला. तेच ग्लुफोसिनेट. म्हणजे आज बाजारात मिळणाऱ्या ग्लुफोसिनेटचे मूळ मातीत असले तरी उत्पादन रासायनिक आहे.

ते काम कसे करते?

वनस्पतीच्या पेशीत सतत अमोनिया तयार होतो. ग्लुटामाइन सिंथेटेज नावाचे विकर (एन्झाइम) तो ग्लुटामेटला जोडून उपयोगी ग्लुटामाइन बनवते. ग्लुफोसिनेटची रचना ग्लुटामेटसारखीच असल्याने ते त्या विकरात अडकून बसते आणि काम थांबते. पानात अमोनिया साचतो, प्रकाशसंश्लेषण बंद पडते आणि उन्हात पेशींची आवरणे फाटतात. काही दिवसांत पान करपते. औषध मुख्यतः जिथे पडेल तिथेच काम करते, त्यामुळे खोल मुळे असलेले तण पुन्हा फुटू शकते. तण कोणते आणि पीक कोणते, हे त्याला कळत नाही.

मग हे विष तयार करणारा जिवाणू स्वतः कसा वाचतो? त्याच्याकडे विषाला निकामी करणारे एक जनुक असते, त्याला ‘बार’ जनुक म्हणतात. हे जनुक पिकात घातले की फवारणीने तण मरते, पीक वाचते. दिल्ली विद्यापीठात विकसित झालेल्या डीएमएच-११ या जीएम मोहरीत हेच जनुक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्या वेळी तणनाशकाचा वापर फक्त संकरित बियाणे तयार करण्यापुरता असावा, शेतकऱ्याच्या शेतात नसावा, अशी अट घालण्यात आली. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे या मंजुरीबाबत एकमत झाले नाही.

माणसाला धोका किती?

ग्लुटामाइन सिंथेटेज माणसाच्या शरीरातही असते. हे औषध पोटात गेलेला रुग्ण सुरुवातीला बरा दिसतो. मात्र बऱ्याच तासांनी झटके येणे, शुद्ध हरपणे, श्वास बंद पडणे असे प्रकार होऊ शकतात. त्यावर खास उतारा नाही. म्हणून “आता बरे वाटते” म्हणून रुग्णाला घरी आणू नये, दवाखान्यात देखरेखीखाली ठेवण्याचा आग्रह धरावा. प्रजननक्षमतेला आणि गर्भाला असलेल्या धोक्यामुळे युरोपीय संघात या औषधाची वर्गवारी कडक झाली आणि २०१८ मध्ये तिथली मान्यता संपली. भारतात ते चहा आणि कापसासाठी नोंदणीकृत आहे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले. ती औषधे कीटकनाशके होती, ग्लुफोसिनेट नव्हे. पण पंप पाठीवर घेणारी माणसे तीच आहेत.

मजुरीचा प्रश्न

निंदणी हे प्रामुख्याने बायांचे काम आहे. दिवसभर वाकून कंबर मोडते, हे खरे. पण भूमिहीन घरात पावसाळ्यातली रोख मजुरी त्यातूनच येते. एका फवारणीने अनेक बायांचे दिवस जातात आणि मजुरी पंप मारणाऱ्या एका पुरुषाकडे जाते. शेतकऱ्याचीही अडचण आहे, वेळेवर मजूर मिळत नाहीत. म्हणून तणनाशकाला नुसता विरोध करून भागणार नाही. ज्यांचे काम जाते त्यांना रोजगार हमीचे काम त्याच महिन्यांत मिळावे, ही मागणी ग्रामसभेत मांडली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

कीटकनाशक कायदा १९६८ आणि त्याखालील १९७१च्या नियमांनुसार औषध हाताळणाऱ्याला संरक्षक कपडे मिळायला हवेत. ते मागून घ्या. डब्यावरील त्रिकोणाचा रंग वस्तीत समजावून सांगा : लाल सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजेही विष नाही असे नव्हे. गरोदर बाईला फवारणीच्या शेतात पाठवू नका. विषबाधा झाल्यास रुग्णासोबत औषधाचा डबा किंवा लेबल दवाखान्यात न्या, म्हणजे डॉक्टरांना नेमके औषध कळेल. आणि दुकानदार “नैसर्गिक आहे” म्हणाला, तर लेबलवरचे मूळ औषधाचे नाव आधी वाचा.