दिल्लीतल्या ‘तिच्या’ खुणा

आपल्याकडून हरिद्वार, वैष्णोदेवी नाहीतर सिमला-मनालीची टूर निघते, तेव्हा त्यात दिल्ली असतेच. पण असते किती? तर एक दिवस! सकाळी बसमध्ये बसवतात, ‘हे इंडिया गेट, पाच मिनिटं उतरा, फोटो काढा’ म्हणतात. मग कुतुबमिनार, मग लाल किल्ला. संध्याकाळी करोलबागेत खरेदी. आणि खरं सांगू का, त्या एका दिवसातही आपण बायका काय करतो? सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत पायऱ्यांवर बसतो. ‘तुम्ही या बघून, आम्हाला काय कळतंय त्यातलं’ असं म्हणून मोकळ्या होतो.

मागच्या थंडीत आमच्या भिशीच्या सहाजणी दिल्लीला गेलो. फक्त दिल्ली, चार दिवस. जायच्या आधी मी थोडं वाचन केलं आणि एक गोष्ट ध्यानात आली. गाइड सांगतात ती बादशहांची दिल्ली. पण त्याच दिल्लीत बायकांनी बांधलेल्या, बायकांनी आखलेल्या, बायकांच्या आठवणी जपणाऱ्या कितीतरी जागा आहेत. ठरवलं, या वेळी त्याच शोधायच्या.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या हजरत निजामुद्दीन स्टेशनवर पोचतात. तिथून अगदी जवळ हुमायूनचा मकबरा. नवऱ्याने बायकोसाठी ताजमहाल बांधला हे शाळकरी पोरही सांगेल. पण बायकोने नवऱ्यासाठी बांधलेल्या या वास्तूबद्दल आपल्याला कुणी सांगतं का? जुन्या किल्ल्यातल्या ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून १५५६ साली हुमायून गेला. त्याची बेगम बेगा हिने हा मकबरा उभारला असं परंपरेनं मानलं जातं. वैधव्यात तिने हजची यात्रा केली, म्हणून तिला हाजी बेगमही म्हणतात. १५७२च्या सुमारास काम पुरं झालं. लाल दगड, त्यात पांढऱ्या संगमरवराच्या रेघा, वर पांढरा घुमट आणि भोवती पाण्याच्या पाटांनी चार भागांत विभागलेली बाग. ताजमहालाचं काम सुरू झालं ते यानंतर साठ वर्षांनी, १६३२च्या सुमारास. म्हणजे ताजमहालाची ही थोरली बहीणच! १९९३ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

आमच्यातल्या एका वहिनींचे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले. सहलीला यायला त्या तयारच नव्हत्या. ‘मला आता काय करायचंय फिरून? लोक काय म्हणतील?’ हेच पालुपद. सुनेने बॅग भरून दिली तेव्हा निघाल्या. मकबऱ्याच्या चौथऱ्यावर त्या बराच वेळ उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, ‘ही बाई कोपऱ्यात बसून नाही राहिली हो.’ आम्ही कुणीच काही बोललो नाही. पण त्यानंतरचे तीन दिवस सगळ्यांच्या पुढे वहिनीच चालत होत्या!

मकबऱ्यासमोरचा रस्ता ओलांडला की निजामुद्दीन बस्ती. गुलाबाच्या पाकळ्यांच्या टोपल्यांमधून वाट काढत दर्ग्याच्या अंगणात पोचायचं. दर्ग्याच्या आतल्या दालनात बायकांना जाता येत नाही, बाहेरून जाळीतून बघावं लागतं. मन जरा खट्टू होतंच. पण त्याच अंगणात संगमरवरी जाळीच्या आडोशाला एक कबर आहे, तिच्यावर छप्पर नाही, वर नुसतं गवत वाढतं. ती जहानआराची, शाहजहानच्या लाडक्या लेकीची. आपल्या कबरीवर गवताशिवाय काही नको, अशी तिचीच इच्छा होती.

जहानआराचं आयुष्य म्हणजे एक कादंबरीच. १६४४ मध्ये कपड्यांनी पेट घेतला आणि ती भाजली, कशीबशी वाचली. पुढे औरंगजेबाने बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत टाकलं, तेव्हा १६६६ साली शाहजहानचा मृत्यू होईपर्यंत ती त्याच्याजवळ राहिली. आणि एवढंच नाही, आपण जिथे लेहंगे आणि साड्यांसाठी घासाघीस करतो तो चांदनी चौक तिनेच आखला, १६५०च्या सुमारास. मधोमध पाण्याचा कालवा होता, चौकात हौद होता. त्या हौदात चांदणं पडायचं म्हणून हे नाव, असं म्हणतात. आता कालवा नाही, हौदही नाही. गर्दी मात्र भरपूर. पण पराठे खाताना एवढं आठवा, ही बाजारपेठ एका मुलीने आखलेली आहे.

चांदनी चौकाच्या टोकाला लाल किल्ला. तिथल्या ‘दिवाण-ए-खास’चं छत पूर्वी चांदीचं होतं. पानिपतच्या आधी, १७६० मध्ये, फौजेच्या खर्चाला पैसा हवा म्हणून सदाशिवरावभाऊंनी ती चांदी काढून वितळवली. भाऊंचं नाव आपल्याला पाठ. पण त्याच मोहिमेत त्यांच्या पत्नी पार्वतीबाईही बरोबर होत्या, हे त्या छताखाली उभं राहिल्यावर आठवतं आणि पोटात कालवतं. गेल्या त्या नवऱ्याबरोबर, परतल्या एकट्या.

आता एक अवघड जागा. तुर्कमान गेटच्या आत, बुलबुली खान्याच्या बोळात रझिया सुलतानची कबर मानली जाते. १२३६ ते १२४० दिल्लीचं तख्त सांभाळणारी ही बाई. बाप इल्तुतमिश, त्याने मुलगे असताना लेकीला वारस केलं. ती पडदा सोडून दरबारात बसायची, हत्तीवरून फिरायची. सरदारांना ते कुठलं पचायला! बापाची कबर कुतुबमिनाराच्या आवारात आहे, भिंतींवर नुसती नक्षीच नक्षी. आणि लेकीची? चहूबाजूंनी घरं, मध्ये दोन साध्या दगडी कबरी, ना नक्षी ना घुमट. पत्ता विचारत विचारत जावं लागतं. पण जा. दोन्ही बघितल्या की गाइडने न सांगितलेलं बरंच काही कळतं.

जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात मात्र एका पोरीला भेटायला जायचंच. मोहेंजोदडोची ‘नर्तिका’, १९२६ मध्ये उत्खननात सापडलेली. मोठा पुतळा असेल असं वाटतं, प्रत्यक्षात ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची, हाताच्या पंजात मावेल एवढी! वय साडेचार हजार वर्षांच्या आसपास. एक हात कमरेवर, हनुवटी वर आणि दुसऱ्या हातात दंडापर्यंत बांगड्याच बांगड्या. आमच्यातल्या काकू काचेला नाक लावून म्हणाल्या, ‘अगं, ही तर आपल्याकडे बघून विचारतेय, काय गं, काय काम आहे?’ हे संग्रहालय नॉर्थ आणि साउथ ब्लॉकमध्ये हलवण्याची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली आहे. तेव्हा निघायच्या आधी चौकशी करा.

शेवटची जागा १, सफदरजंग रोड, इंदिरा गांधींचं घर. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी त्या बागेतल्या ज्या वाटेवरून चालत होत्या, ती वाट आता काचेने झाकून जपली आहे. आत त्या दिवशीची साडी ठेवलेली आहे. राजकारणाबद्दल कुणाचं मत काहीही असो, साडी बघताना आवाज आपोआप खाली जातो. आणि बसमधून धावत बघतो ते इंडिया गेट? त्यावर तेरा हजारांहून अधिक नावं कोरली आहेत. त्यात एक नाव परिचारिकेचंही आहे.

काही कामाच्या गोष्टी. सोमवारी लाल किल्ला आणि बहुतेक संग्रहालयं बंद असतात, म्हणून दिल्लीत सोमवार आला तर तो हुमायूनच्या मकबऱ्याला आणि कुतुबमिनाराला द्या. मेट्रोचा पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो, बिनधास्त बसा. चांदनी चौकाला त्याच नावाचं स्टेशन आहे. फेब्रुवारी-मार्चची हवा चांगली. दिवाळीनंतर धूर आणि जानेवारीत धुकं फार, दमा असेल तर जपा. दर्ग्यात डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा पदर हवा. चप्पल सहज काढता येईल अशी घाला.

आणि मैत्रिणींनो, सगळ्यात महत्त्वाचं. पिशव्या लॉजवर ठेवा किंवा ज्याच्या त्याच्या हातात द्या. पायऱ्यांवर बसायचं ते पाय दुखले तरच! ‘आम्हाला काय कळतंय’ हे वाक्य तर घरीच ठेवून या. राज्य केलेल्या, शहर आखलेल्या, घुमट उभारलेल्या बायकांच्या गावाला आपण जातोय. बघायला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त तिकीट लागतं.